साइट इंजिनियरचं काम नेमकं काय? बडोद्यातल्या मुलामुलींचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागले, की दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, मांजलपूर इथल्या ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. मुलाला भायलीच्या एका इमारतीवर साइट इंजिनियर म्हणून बोलावलंय, पाठवू का? मुलीला कंत्राटदाराकडे नोकरी मिळतेय, तिला तिथे काय करावं लागेल? बांधकामावर बरीच वर्षं काढल्यामुळे या प्रश्नांची उत्तरं मला मनापासून द्यावीशी वाटतात. इमारतीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम शेवटी झाकलं जातं. पाया मातीखाली जातो, सळ्या काँक्रीटमध्ये जातात, पाइप प्लास्टरमागे जातात. हे सगळं झाकलं जाण्याआधी पाहणारा शेवटचा शिकलेला माणूस म्हणजे साइट इंजिनियर. खालची उत्तरं याच समजुतीतून दिली आहेत.

साइट इंजिनियर म्हणजे नक्की कोण?

नकाशात जे लिहिलंय ते जमिनीवर तसंच उतरतंय ना, हे रोज जागेवर उभं राहून पाहणारा इंजिनियर. आखणी, लेव्हल, सळ्यांची तपासणी, काँक्रीट, मालाची मोजणी, कामगारांच्या कामाचं नियोजन, रोजचा अहवाल आणि बिलासाठीची मोजमापं, हे सगळं त्याच्याकडे येतं. मोठ्या कंपनीत यातल्या एकेका कामाला वेगळा माणूस असतो. गोत्री किंवा वाघोडिया रोडवरच्या चार-पाच मजली इमारतीवर बहुतेक वेळा सगळं एकाच्याच गळ्यात असतं. शिकायला ही दुसरी जागा चांगली, असं माझं मत आहे. पाया ते रंगकाम पूर्ण पाहिलेला मुलगा पुढे कुठेही गोंधळत नाही.

सुपरवायझर, स्ट्रक्चरल इंजिनियर, पीएमसी आणि साइट इंजिनियर यांच्यात फरक काय?

सुपरवायझर माणसं आणि माल हलवतो. बरेचदा तो अनुभवातून वर आलेला असतो आणि त्याला खूप कळतं, पण नकाशाचा अर्थ लावायची जबाबदारी त्याची नाही. स्ट्रक्चरल इंजिनियर हिशेब करून सळई किती, कुठे आणि कॉलम केवढा ते ठरवतो. तो ऑफिसात बसतो आणि ठरलेल्या टप्प्यांवर साइटवर येतो. पीएमसी म्हणजे मालकाच्या वतीने काम तपासणारी सल्लागार संस्था.

साइट इंजिनियर कंत्राटदाराचा असू शकतो, बिल्डरचा असू शकतो किंवा पीएमसीचाही. पगार कोणाचाही घेतला तरी एक मर्यादा पाळायचीच. डिझाइन आपण बदलायचं नाही. बीमची सळई गाळ्यात बसत नसेल तर फिटरला "एक काढून टाक" असं सांगायचा अधिकार साइट इंजिनियरला नाही. फोटो काढा, स्ट्रक्चरल इंजिनियरला पाठवा, लेखी उत्तर घ्या आणि मगच हात लावा.

दिवस कसा जातो?

सकाळी कामगारांच्या आधी पोचायचं. कोणती टोळी आली, कोणती नाही आली, कालचं कुठे अडलंय ते पाहायचं. मग आखणी किंवा तपासणी, दुपारपर्यंत माल उतरवून घेणं, मध्ये वीजवाला आणि प्लंबर यांची भांडणं सोडवणं, संध्याकाळी उद्याच्या कामाची यादी आणि रोजचा अहवाल. स्लॅबच्या दिवशी घरी कधी पोचाल ते सांगता येत नाही. पालकांनी हे आधीच गृहीत धरावं.

आखणी चुकली तर पुढे दुरुस्त करता येत नाही का?

इंचाची चूक पायात असेल तर ती वरच्या प्रत्येक मजल्यावर दिसते. प्लॉटची हद्द, मार्जिन आणि कॉलमची सेंटर लाइन एकदा मोठ्या चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजून पडताळायची. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर कोपरा काटकोनात नाही, मग टोटल स्टेशनवर (मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर) कितीही नेमके आकडे दिसोत. लहान कोपऱ्याला ३-४-५ चं माप (बाजू ३ आणि ४, तर कर्ण ५) आजही पुरतं. एक कायमची लेव्हल, म्हणजे उंचीची खूण, पक्क्या भिंतीवर किंवा खांबावर रंगवून ठेवा आणि प्रत्येक मजल्याची लेव्हल तिथूनच घ्या. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर लेव्हल नेत गेलं की चुका साचत जातात.

बडोद्याच्या काळ्या मातीबद्दल सगळे घाबरवतात. त्यात खरं किती?

भीती खरी आहे, पण उपाय माहीत असलेली आहे. शहरात आणि आजूबाजूला बऱ्याच ठिकाणी काळी माती लागते. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. हलकं बांधकाम उथळ पायावर ठेवलं तर ही माती त्याला उचलते आणि सोडते. मग भिंतींना तिरक्या चिरा पडतात आणि जमिनीच्या फरश्या वर येतात.

साइट इंजिनियरचं पहिलं काम म्हणजे मातीचा अहवाल वाचणं आणि खड्ड्यात उतरून खरी माती तीच आहे का ते पाहणं. अहवालात तीन मीटरवर पिवळी कडक माती लिहिलीय आणि खाली काळीच लागतेय, तर काम तिथेच थांबवा. हा निर्णय तुमचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरचा आहे. त्याला मात्र हे कळवणारे तुम्हीच.

अशा मातीत बैठ्या किंवा एकमजली बांधकामासाठी अंडररीम्ड पाइल वापरतात. जमिनीत खोल उतरवलेले, खाली फुगवटा असलेले हे काँक्रीटचे खांब असतात आणि आयएस २९११ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात त्यांचे नियम आहेत. खोल काळ्या मातीत पाइलची लांबी ३.५ मीटरपेक्षा कमी घेत नाहीत, कारण वरच्या थरातली माती ऋतूप्रमाणे हलते आणि पाइल त्याच्या खाली रुजायला हवा. पाइलचा फुगवटा नीट कापला गेला का, तळाचा गाळ निघाला का, हे काँक्रीट टाकायच्या आधीच पाहता येतं. नंतर ते पाहायला कोणताही रस्ता उरत नाही.

प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, भरावात खोदलेली काळी माती परत टाकण्याचा मोह प्रत्येक साइटवर होतो, कारण ती फुकट असते आणि बाहेर न्यायला ट्रॅक्टर लागतो. टाकू देऊ नका. मुरूम किंवा न फुगणारी माती थराथराने टाका, पाणी मारा आणि दाबा. मुंबईच्या आयआयटीतल्या डॉ. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या मातीचा थर देऊन काळ्या मातीचं फुगणं आवरता येतं हे दाखवलं आणि कालव्यांच्या कामात ते वापरलं गेलं. इमारतीभोवती प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे उताराचा पक्का पट्टा, द्या. पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरलं तर वरचा सगळा खर्च वाया जातो.

पावसाळ्यात साइट इंजिनियरची जबाबदारी वाढते का?

बडोद्यात तर नक्कीच. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला आलेला पूर शहर विसरलेलं नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत काही गोष्टी उरकायच्या असतात. तळघराचं किंवा पायाचं उघडं खोदकाम भरून वर यायचं. शक्य नसेल तर पंप आणि त्याचा डिझेलवर चालणारा जोडीदार तयार ठेवायचा. सिमेंटचं गोदाम उंच जागी हवं. विजेच्या तात्पुरत्या तारा जमिनीवरून उचलून टांगायच्या आणि स्विचबोर्डला वीज गळली की पुरवठा तोडणारा अर्थ लीकेज ब्रेकर लावायचा.

एक गोष्ट नव्या मुलांना बहुधा कुणी सांगत नाही. जमिनीखालची पाण्याची टाकी बांधून झाली, आत पाणी नाही, वर माती नाही आणि भोवतालचं पाणी चढलं, तर टाकी वर उचलली जाऊ शकते. पावसाळ्यात रिकामी टाकी भरून ठेवावी किंवा भोवतालचं पाणी उपसत राहावं. नेमकं काय करायचं ते स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारून ठरवा, पण विचारायची आठवण तुम्हालाच ठेवावी लागेल.

स्लॅब भरण्याआधी काय काय पाहायचं?

या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, कारण साइट इंजिनियरची खरी परीक्षा इथेच असते.

शटरिंगपासून, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यापासून, सुरुवात करा. खाली जाऊन टेके मोजा. टेका ओळंब्यात उभा आहे का, त्याच्या खाली पक्की फळी आहे की नुसत्या विटा रचल्यात, आडवे बांध आहेत का ते पाहा. काल पाऊस पडला असेल तर टेक्यांखालची माती पुन्हा बघा. शटरिंग कोसळून होणारे अपघात काँक्रीट ओलं असताना होतात. त्या वेळी वर आणि खाली दोन्हीकडे माणसं असतात.

मग वर या. हातात नकाशाची शेवटची, सही झालेली प्रत हवी. मोबाइलवर आलेला जुना फोटो चालणार नाही. सळईचा व्यास, अंतर आणि संख्या प्रत्येक बीमला मोजा. लॅपची, म्हणजे दोन सळ्या जोडताना एकमेकींवर येतात त्या भागाची, लांबी नकाशात दिलेली असते. एम २५ दर्जाचं काँक्रीट आणि एफई ५०० दर्जाची सळई असेल तर ताणाच्या बाजूला ती व्यासाच्या साधारण ४९ पट येते, म्हणजे १२ मिलिमीटरच्या सळईला जवळजवळ ६०० मिलिमीटर. सगळे लॅप एकाच रेषेत आले असतील तर ते पांगवायला सांगा.

कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, राखणारे कव्हर ब्लॉक जागेवर आहेत का? आतल्या कोरड्या जागेतल्या स्लॅबला साधारण २० मिलिमीटर, कॉलमला ४० आणि पायाला ५० मिलिमीटर कव्हर लागतं. कव्हरऐवजी खडीचा तुकडा सरकवलेला दिसला तर तो काढून टाका. कव्हर कमी पडलं की काही वर्षांत सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे पडतात. अलकापुरी भागातल्या जुन्या अपार्टमेंटच्या बाल्कन्या खालून पाहा, हे उदाहरण तिथे डोळ्यांसमोर आहे.

बाल्कनी आणि छज्जा यांच्याकडे वेगळं लक्ष द्या. तिथली मुख्य सळई वरच्या बाजूला असते. काँक्रीट टाकताना माणसं तिच्यावरून चालतात, ती खाली दबते आणि छज्जा कमजोर होतो, पण दिसायला मात्र सगळं ठीक असतं. म्हणून वरची सळई उचलून धरणाऱ्या खुर्च्या जवळजवळ लावून घ्या, चालायला फळ्या टाका आणि काँक्रीट पोचेपर्यंत तिथे स्वतः उभे राहा.

विजेचे पाइप एका जागी गठ्ठ्याने नेलेले नसावेत, विशेषतः कॉलमच्या तोंडाशी. बाथरूमचा खोलगट भाग, प्लंबिंगचे कटआउट, लिफ्टचा ओळंबा, पंख्याचे बॉक्स तपासा. काँक्रीट दाटवणारे दोन व्हायब्रेटर हवेत, कारण एक बंद पडतोच. काम मध्येच थांबलं तर जोड कुठे द्यायचा, ते स्ट्रक्चरल इंजिनियरला आदल्या दिवशीच विचारून ठेवा. तपासून झालं की तपासणी पत्रकावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि तारीख दिसेल असे फोटो काढा.

भूकंपासाठी वेगळं काही पाहावं लागतं?

हो. २६ जानेवारी २००१ ला सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला आणि भूजपासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या अनेकांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला होता. बडोद्यात आजही बहुतेक अपार्टमेंट अशीच असतात, त्यामुळे तळमजल्याच्या कॉलमकडे दुप्पट लक्ष द्या.

आयएस १३९२० प्रमाणे सळ्यांभोवतीच्या रिंगचं टोक १३५ अंशात आत वळवलेलं हवं आणि पुढे किमान सहा व्यास, पण ६५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही, एवढी शेपटी हवी. फिटर ९० अंशात वाकवून देतो, कारण ते झटपट होतं. धक्का बसला की ९० अंशाची रिंग उघडते. कॉलमच्या सळ्यांचा लॅप मजल्याच्या मधल्या अर्ध्या भागातच घ्यायचा. बीम-कॉलमच्या जोडात रिंग घालणं अवघड असतं म्हणून ती गाळली जाते. नेमक्या त्याच रिंगा मोजा.

आरएमसी (प्लांटमधलं तयार काँक्रीट) मागवलं तर काँक्रीटची जबाबदारी प्लांटची ना?

गाडी गेटमधून आत येईपर्यंत. नंतर ती तुमची. चलनावर ग्रेड आणि गाडी भरल्याची वेळ पाहा. काही वेगळं ठरलेलं नसेल तर आयएस ४९२६ प्रमाणे भरल्यापासून दोन तासांत काँक्रीट उतरायला हवं. प्रत्येक गाडीचा स्लंप, म्हणजे काँक्रीट किती प्रवाही आहे त्याचं माप, घ्या.

सगळ्यात मोठा धोका पाण्याचा आहे. काँक्रीट घट्ट वाटलं की पंपवाला किंवा टोळी पाणी घालायला सांगते. हिशेब करून बघा. एका घनमीटरला ३२० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी असेल तर पाणी-सिमेंट प्रमाण ०.५० आहे. सहा घनमीटरच्या गाडीत १०० लिटर पाणी ओतलं की प्रत्येक घनमीटरला सुमारे १७ लिटर वाढले आणि प्रमाण ०.५५ वर गेलं. ज्या काँक्रीटचे पैसे मोजले ते काँक्रीट आता त्या गाडीत नाही. प्रवाहीपणा हवा असेल तर प्लांटच्या माणसाला बोलावून अ‍ॅडमिक्श्चर घालून घ्या. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा भरणी पहाटे किंवा रात्री घ्या.

क्यूब किती भरायचे?

क्यूब म्हणजे ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे. आयएस ४५६ मध्ये त्यांचे आकडे दिलेले आहेत: ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन, ३१ ते ५० ला चार, आणि पुढच्या प्रत्येक ५० घनमीटरला आणखी एक. एका नमुन्यात १५० मिलिमीटरचे तीन क्यूब, २८ दिवसांनी तपासायचे. म्हणजे ४० घनमीटरच्या स्लॅबला बारा क्यूब. सात दिवसांचा अंदाज हवा असेल तर ते वेगळे भरा. क्यूबसाठी काँक्रीट भरणी चालू असतानाच, वेगवेगळ्या गाड्यांतून घ्यायचं. खास निवडून, जास्त सिमेंट घालून भरलेला क्यूब इमारतीबद्दल काहीच सांगत नाही. तसं करायला कुणी सांगितलं तर नकार द्या.

क्युरिंग किती दिवस आणि शटरिंग कधी काढायचं?

साध्या ओपीसी सिमेंटला किमान सात दिवस, फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग असलेल्या सिमेंटला दहा, आणि कोरड्या उन्हाळ्यात अनुक्रमे दहा आणि चौदा. आपल्याकडे बाजारात बहुतेक पीपीसी, म्हणजे फ्लाय अ‍ॅशचं सिमेंट, मिळतं, म्हणून उन्हाळ्यात चौदा दिवस धरून चाला. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवता येतं, पण कॉलमकडे कुणी बघत नाही. त्याला गोणपाट गुंडाळा आणि ते ओलं ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारलं आणि दुपारभर कॉलम वाळत राहिला, तर त्याला क्युरिंग म्हणता येत नाही.

ओपीसीसाठी टेके काढण्याचे दिवस असे: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला सात, त्याहून मोठ्याला चौदा, सहा मीटरपर्यंतच्या बीमला चौदा, त्याहून मोठ्याला एकवीस. इतर सिमेंटला हे दिवस वाढतात. शटरिंगवाला चौथ्या दिवशी प्लेटा मागायला येतो, कारण दुसऱ्या साइटवर त्याचा खोळंबा झालेला असतो. भरणीची तारीख बीमवरच रंगवून ठेवली की वाद होत नाही.

वाळू आणि सिमेंट उतरवताना काय बघायचं?

बोडेलीकडून, ओरसंग नदीची वाळू आपल्याकडे येते आणि तिला चांगलं नाव आहे. तरीही प्रत्येक गाडी तपासा. काचेच्या मोजपात्रात वाळू आणि पाणी हलवून ठेवलं की गाळ वर थरात बसतो, तेवढ्यावरून अंदाज येतो. आयएस ३८३ प्रमाणे नैसर्गिक वाळूत ७५ मायक्रॉनखालची बारीक माती वजनाने ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. ओली वाळू फुगते, त्यामुळे घमेल्याने मोजताना तिचा हिशेब वेगळा धरा.

सिमेंटच्या गोण्या जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर, दहापेक्षा जास्त थर नाहीत, आणि आधी आलेली आधी वापरायची. तीन महिने पडून राहिलेलं सिमेंट चाचणी केल्याशिवाय वापरू नका. बोअरचं पाणी वापरत असाल तर एकदा प्रयोगशाळेत पाठवा. आरसीसीसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत आणि पीएच ६ पेक्षा कमी नको.

इतकी रजिस्टरं लिहायची कशाला?

मुलांना याचा सगळ्यात जास्त कंटाळा येतो आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह याचाच असतो. रोजचा अहवाल, भरणीचं रजिस्टर, क्यूबचं रजिस्टर, मालाची आवक-जावक, नकाशांची यादी आणि त्यातले बदल, साइट सूचना वही. कॉलम कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीतून भरला आणि त्याचे क्यूब कोणते, हे तीन वर्षांनी विचारलं तर पाच मिनिटांत सापडलं पाहिजे.

९ जुलै २०२५ ला पादरा तालुक्यातला महीवरचा गंभीरा पूल तुटला आणि माणसं गेली. तो १९८५ पासून वापरात होता. त्यानंतर अनेकांनी विचारलं, की जुन्या बांधकामाची ताकद कळते कशी? तपासणाऱ्याला आत काय आहे ते दिसत नाही, त्याला मूळ नकाशे, झालेले बदल आणि चाचण्यांचे आकडे लागतात. आज तुम्ही कंटाळून सोडलेली ओळ चाळीस वर्षांनी कुणीतरी शोधत असेल.

बिल आणि मोजमाप साइट इंजिनियरचंच काम का?

कंत्राटदाराचं चालू बिल तुमच्या मोजमापांवर निघतं. मोजणी आयएस १२०० प्रमाणे होते: प्लास्टरमध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही, काँक्रीटमध्ये ०.१ चौरस मीटरपर्यंत नाही. सळईचं वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२, किलो प्रति मीटर. १२ मिलिमीटरला ०.८८९ येतं. झाकलं जाणारं काम दोन्ही पक्षांनी एकत्र, झाकण्याआधीच मोजा.

वरचे म्हणाले "चालेल, भरून टाका", तर काय करायचं?

पालक हा प्रश्न हळू आवाजात विचारतात. नोकरी जाईल का, अशी त्यांची भीती असते. माझं उत्तर सरळ आहे. तब्येतीने शांत राहा, आवाज चढवू नका, पण चुकीच्या कामावर सही करू नका. काय चुकलंय ते नकाशाचा क्रमांक घालून लिहा, फोटो जोडा आणि मेलवर किंवा सूचना वहीत टाका. ते स्ट्रक्चरल इंजिनियरपर्यंत पोचलं पाहिजे. बहुतेक वेळा लिहिल्याबरोबर सगळे थांबतात, कारण लिहिलेलं कुणालाच टाळता येत नाही.

घाई खरी असते. गाड्या रांगेत असतात, पंपाचं भाडं चालू असतं. म्हणून तपासणी भरणीच्या सकाळी ठेवू नका, आदल्या दुपारी ठेवा. दुरुस्तीला वेळ मिळतो आणि तुमच्यावर दोष येत नाही. तरीही एखाद्या ठिकाणी चूक झाकणं हाच रिवाज असेल, तर ती नोकरी सोडा. बडोद्यात काम करणाऱ्या इंजिनियरला दुसरं काम मिळतं.

कामगारांच्या सुरक्षेत साइट इंजिनियर कुठे येतो?

पहिल्याच ओळीत. दाहोद, पंचमहाल, झाबुआकडून माणसं कुटुंबासकट येतात. त्यांना धोका ओळखायची सवय आहे, पण नाही म्हणायची मोकळीक नाही. ती तुम्ही द्यायची. दीड मीटरपेक्षा खोल मातीच्या चरीला आधार दिल्याशिवाय माणूस उतरवू नका आणि खोदलेली माती कडेपासून किमान दीड मीटर लांब टाका. लिफ्टच्या उघड्या खड्ड्याला, जिन्याला आणि स्लॅबच्या कडेला कठडा हवा. उंचीवर पट्टा लावायचा आणि तो पक्क्या जागी अडकवायचा, नुसता कमरेला बांधून उपयोग नाही. मुलं वाळूच्या ढिगावर खेळत असतील तर त्यांच्यासाठी वेगळी सावलीची जागा बिल्डरकडून मागून घ्या.

१८ ते ६० वयाच्या आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराची बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी होते आणि ई-निर्माण कार्ड मिळतं. अर्ज भरायला मदत करा. श्रमिक अन्नपूर्णा योजनेत पाच रुपयांत जेवण मिळतं, पण त्याचं केंद्र कुठे आहे ते नव्या टोळीला माहीत नसतं. वयाने मोठ्या गवंड्याला "काका" म्हणून हाक मारा. त्याने सांगितलेली अडचण ऐकली की तो पुढची अडचणही सांगतो.

रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी), बीयू (इमारत वापरायची परवानगी), रेरा यात साइट इंजिनियरला काय करावं लागतं?

रजाचिठ्ठी मिळाल्याशिवाय काम सुरू होऊ नये आणि मंजूर नकाशाची प्रत साइटवर असावी. महानगर सेवा सदनाच्या किंवा वुडाच्या (शहर विकास प्राधिकरणाच्या) फायलीवर नोंदलेले इंजिनियर, स्ट्रक्चरल इंजिनियर आणि क्लार्क ऑफ वर्क्स (कामावर देखरेख ठेवणारा) वेगळे असतात. नोकरी करताना कुणी तुमचं नाव तिथे लावायचं म्हणालं तर त्याची कायदेशीर जबाबदारी समजून घेतल्याशिवाय हो म्हणू नका. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षं स्ट्रक्चरमधला दोष बिल्डरला स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. तेव्हा तुमची रजिस्टरं बाहेर निघतात.

मुलींनी साइटवर जावं का?

जावं. आज अनेक जणी चांगलं काम करतायत. मुलाखतीतच स्वच्छ आणि कुलूप लागणारं शौचालय आहे का, रात्रीच्या भरणीनंतर घरी सोडायची सोय कुणाची, हे विचारा. स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर दुसरी कंपनी बघा.

डिप्लोमा पुरतो का, की डिग्री हवीच?

साइटवर उभं राहायला डिप्लोमा पुरतो. पुढे वर जायला आणि मोठ्या कंपनीत डिग्री लागते, त्यासाठी डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बडोद्याला या शिक्षणाची मोठी परंपरा आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने कलाभवन उभं राहिलं. एम. एस. युनिव्हर्सिटीची इंजिनियरिंगची फॅकल्टी आजही तिथेच आहे. तिथे शिकणाऱ्या मुलांनी सुट्टीत बिनपगारी का होईना, एक साइट धरावी. गुजराती आणि हिंदी बोलता यायलाच हवी. आपल्या घरांतून ती येतेच, पण ऑटोकॅड आणि एक्सेल मात्र शिकून घ्या.

साइट सोडताना काय द्यायचं असतं?

नव्या इंजिनियरबरोबर एक पूर्ण फेरी मारा. कोणता कॉलम कुठपर्यंत आलाय, कुठे क्युरिंग चालू आहे, कोणते टेके अजून काढायचे नाहीत, कोणाची मोजमापं बाकी आहेत ते दाखवा. नकाशांची यादी, रजिस्टरं, प्रयोगशाळेत गेलेल्या क्यूबच्या पावत्या आणि फोटोंचा साठा यादी करून सही घेऊन द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. लेव्हलची खूण कुठे रंगवली आहे तेही दाखवायला विसरू नका.